अव्वानं घेतलेलं घर

अव्वाला आम्ही कामाला ठेवली, असं मी तिच्यासमोर एकदाच म्हणालो. तिनं हातातली तेलाची वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "मला कोण ठेवणार, मास्तर? मी तुझं घर घेतलंय."

सोलापुरात तिनं अशी कितीतरी घरं घेतली होती. ज्या घरात बाळंतीण असे आणि तिचं करायला कुणी नसे, तिथं अव्वा सव्वा महिना जायची. बाळाला न्हाऊ घालायचं, बाळंतिणीला तेल लावायचं, शेक-शेगडी करायची, हे तिचं काम. पण बोलावलं म्हणजे ती येतेच असं नव्हतं. आधी येऊन घर बघायची. पसंत पडलं तर घ्यायची, नाहीतर "न्हाय जमत" एवढंच म्हणून चपला पायात घालायची. कारण सांगायची नाही.

मी तेव्हा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होतो आणि शुक्रवार पेठेत दोन खोल्या घेऊन आम्ही नवरा-बायको राहत होतो. यमुनेचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं. खरं तर ते माहेरी व्हायचं. पण तिची आई ती लहान असतानाच गेली होती, तीही बाळंतपणातच. माझी आई थोरल्या भावाकडे अर्धांगानं अंथरुणाला खिळलेली. तेव्हा बाई शोधण्यावाचून इलाज नव्हता. आमच्या ऑफिसातला अक्कलकोटकडचा शिपाई म्हणाला, एक म्हातारी आहे, हाताला चांगली आहे, पण डोक्यानं जरा तऱ्हेवाईक आहे. मी म्हटलं, पाठव.

रविवारी दुपारी ती आली. उंच, हडकुळी, इरकली लुगडं नेसलेली, कपाळावर भस्माचे पट्टे आणि गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. दारात उभी राहून तिनं आधी अंगण बघितलं. ऊन कुठून कुठवर येतं ते मला विचारलं. मग न्हाणी बघितली, चूल बघितली, आणि तांब्याच्या हंड्याकडे बोट करून मला म्हणाली, "ह्यो भरून उचल."

मला वाटलं, ती थट्टा करते आहे. पण ती कंबरेवर हात ठेवून वाट बघत राहिली. मी हंडा भरला आणि उचलून न्हाणीत नेऊन ठेवला. धोतर भिजलं. यमुना आतून हसू दाबत बघत होती.

"बरं हाय," अव्वा म्हणाली. "मी न्हायला घालीन. पाणी तू आणायचं. बापानं पाणी आणलं न्हाय तर लेकराला कळायचं कसं, बाप कोण?"

मग ती उंबऱ्याशी बसली आणि तिचा आवाज थोडा बदलला. "आन एक सांगते. मला प्वॉर झालं न्हाय. कवाच न्हाय. चालतंय का, ते आत्ताच बोला. मागनं कुणी येऊन कान भरले म्हणून मला काढायचं न्हाय."

माझ्या आधी यमुनाच पुढं होऊन म्हणाली, "तुम्ही या. मला चालतं." अव्वानं तिच्याकडे बघून मान हलवली. घर घेतलं गेलं.

कान भरणारं माणूस दूर नव्हतंच. समोरच्या सोप्यात, ओसरीलगतच्या खोलीत, आमच्या घरमालकीणबाई राहत. त्यांनी संध्याकाळीच मला बाजूला घेतलं. अशा बाईचा हात पहिल्या बाळंतिणीला कशाला, सोलापुरात दुसऱ्या बायका नाहीत का, असं त्यांचं म्हणणं. त्या वाईट नव्हत्या, त्यांना खरोखरच काळजी वाटत होती. मी सांगितलं, ठरलंय. त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही, पण अव्वा अंगणात असली की त्या आपल्या नातवाला आत बोलावून घ्यायच्या. अव्वाला ते दिसायचं. ती नातवाकडे बघायचीच नाही, उलट पाठ करून बसायची.

थंडीच्या दिवसांत यमुना बाळंत झाली. मुलगी झाली. डॉक्टरीणबाईंनी सगळं ठीक असल्याचं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीच्या भोंग्याबरोबर अव्वा दारात हजर झाली. बाळाला दुपट्यातून उचललं, तोंडासमोर धरलं आणि म्हणाली, "बर्री, बर्री, या. लई लांबनं आलात. दमलात की."

मला वाटलं, माझ्या मागं कुणी पाहुणे आलेत. मी वळूनही बघितलं. पण ती माझ्या मुलीशीच बोलत होती. अव्वा सगळ्या तान्ह्या मुलांना अहोजाहो करायची. कधी कानडीत, कधी मराठीत, पण मान देऊनच. "डोळं मिटा आता, पाणी येतंय." "दूध घ्या, मग बोलू आपण." आणि मोठ्या माणसांना मात्र सरसकट अरेतुरे. मी मास्तर नाही, मालधक्क्यावर कारकून आहे, हे मी तिला दोनदा सांगून बघितलं. "लिवतोस न्हवं?" असं विचारून तिनं ते निकालात काढलं. जो लिहितो तो मास्तर.

एकदा मी तिला विचारलं की, एवढ्याशा पोरीला अहो आणि मला अरे, हे कसं? ती म्हणाली, "तुला मी वळखते. ह्या अजून नव्या हायेत. वळख पाळख न्हाय, आन एकदम अगंतुगं कसं करू? रागावून परत गेल्या म्हंजे?"

त्या काळात तान्ही मुलं परत जातच असत. ती हे हसत म्हणाली, पण पुन्हा मी तो प्रश्न विचारला नाही.

तिच्या कामाची एक पद्धत होती. सकाळी आली की ती अंगणात पाटावर बसायची, लुगडं गुडघ्यापर्यंत सारायची आणि दोन्ही पाय लांब करून नडग्या उन्हात तापवायची. मी पाणी तापवत असायचो तोवर तिचे पाय तापत असायचे. गार पायावर लेकरू घेतलं तर त्याला घर परकं वाटतं, असं ती म्हणे. पाय तापले की ती हाताच्या पालथ्या बाजूनं स्वतःच तपासून बघायची, आणि मगच "आण त्यांना" म्हणायची. मुलीला पायांवर पालथी घालून तेल चोळताना तिचे ते हाडकुळे, फुगलेल्या शिरांचे हात इतके हलके होत की मुलगी पायांवरच झोपून जायची.

पण तिचा सगळाच हिशोब असा गोड नव्हता. ती कमालीची हट्टी होती. माझं ऑफिस रेल्वेचं, म्हणून मी अंगावर आगगाडीचं वारं घेऊन येतो, आणि त्या वाऱ्यानं बाळंतिणीचं दूध आटतं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. त्यामुळे संध्याकाळी घरी आलो की हातपाय धुऊन मला अंगणातच बसावं लागे. ते वारं उतरलं असं तिला वाटलं की ती आतून हाक मारायची. कधी लवकर मारायची, कधी विसरून जायची. शेगडीत ओवा आणि शेपा टाकून ती इतका धूर करायची की यमुनेच्या डोळ्यांतून पाणी वाही. मी खिडकी उघडली की ती लावायची. आमच्या चुलीला ती शिवायची नाही आणि आमच्याकडचं खायचीही नाही. स्वयंपाक मी करायचा आणि तिनं दारातून सांगायचं. "भात अजून मऊ. अजून. तुझ्या दातानं खायचा न्हाय त्यो." यमुनेला तिखट बंद. आणि ही मात्र दुपारी तिच्यासमोरच फडकं सोडून कडक भाकरी आणि लालभडक शेंगाचटणी खात बसायची. यमुना एकदा कळवळून म्हणाली, निदान बाहेर बसून तरी खा. तर म्हणते, "वास घे की. वासाला कुटं पथ्य हाय?"

एके दिवशी आमचे हेडक्लार्क बाळ बघायला आले. ते आले नेमके न्हाण्याच्या वेळेला. कोट, टोपी, हातात काठी. अव्वानं मान वर न करता सांगितलं, "आलास बरं झालं. टावेल धर." मालधक्क्यावर ज्यांच्यासमोर आम्ही खुर्चीतून उठून उभे राहायचो, ते गृहस्थ टॉवेलाची दोन टोकं धरून न्हाणीच्या दारात उभे राहिले. मुलगी त्या टॉवेलात आली तशी त्यांना ती घट्ट धरावीच लागली. नंतर ऑफिसात माझ्या टेबलापाशी थांबून ते हळूच म्हणाले, त्यांना स्वतःला पाच मुलं झाली, पण एवढं लहान असताना कधी कुणी हातात दिलंच नव्हतं.

हे सगळं मी असं सांगतो आहे, पण त्या दिवसांत आमच्या घरात एक वेगळीच काळजी होती, आणि ती यमुनेची होती.

बाळंतपण झाल्यापासून ती गप्प झाली होती. मुलीला दूध पाजायची, पण पाजून झालं की लगेच कुणाकडे तरी द्यायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. पाळण्यातून मुलगी रडली की ती मला किंवा अव्वाला हाक मारायची, स्वतः हात लावायची नाही. मी विचारलं तर म्हणायची, काही नाही. एकदा फक्त एवढं म्हणाली, "माझ्या हातून पडली तर?" मी समजूत घालायला लागलो तशी तिनं डोळे मिटून घेतले. घरमालकीणबाई म्हणाल्या, आईनंच असं केलं तर कसं व्हायचं, जरा रागवा. मला रागावता येईना आणि समजावताही येईना. रात्रंदिवस मनात एकच विचार, हिची आई अशीच गेली, आता ही अशी होत चाललीय.

अव्वानं मात्र तिला एका शब्दानं टोकलं नाही. दोघींचं त्या बाबतीत काय बोलणं झालं, ते यमुनेनं मला नंतर सांगितलं. एका दुपारी तेल लावून घेताना यमुना तिला म्हणाली, की मला हिच्याविषयी काहीच वाटत नाही, फक्त भीती वाटते, मी कसली आई? तिला वाटलं, अव्वा आता कानावर हात ठेवील. अव्वा तेल चोळत राहिली.

"नगं धरूस," ती म्हणाली. "मी हाय, मास्तर हाय. तुला वाटंल तवा धर. त्या कुटं पळून जात न्हाईत."

आणि मग तिनं आपली गोष्ट सांगितली. ती अक्कलकोटजवळच्या मैंदर्गीची. लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल झालं नाही तेव्हा नवऱ्यानं दुसरी केली. अव्वानंच त्या सवतीला घरात घेतलं, तिच्या हातात बांगड्या भरल्या. वर्षा-दोन वर्षांत सवत बाळंत झाली, मुलगी झाली. घरात दुसरी बाई नाही. बाळंतिणीचं सगळं अव्वालाच करावं लागलं. अव्वा यमुनेला म्हणाली, त्या पोरीला हात लावू नये असं मला वाटायचं. भांडं घासावं तशी मी तिला न्हाऊ घालायची. तोंडाकडं बघायची न्हाय. बरेच दिवस असं चाललं. मग एक दिवस पाणी ओतता ओतता ती पोर अंगावर मुतली आणि अव्वाला हसू आलं. इतकं हसू आलं की हातातला तांब्या निसटला. "तितनं सुरू झालं बघ," ती म्हणाली. "कवा सुरू हुईल ते आपल्या हातात नसतंय."

ती मुलगी पुढं आईकडे कमी आणि अव्वाकडेच जास्त वाढली. सख्ख्या आईला ती नुसतं अव्वा म्हणायची आणि हिला दोड्डव्वा, म्हणजे मोठी आई. तिच्या कुशीत झोपायची, तिच्या हातानं जेवायची. पाच-सहा वर्षांची झाली असेल, तेव्हा तिला मोठा ताप आला. उतरेचना. नवरा तोवर वारला होता. आणि त्या तापाच्या दिवसांत, बघायला आलेल्या बायकांसमोर, सवत रडत रडत म्हणाली, की ह्या वांझेची नजर लागली माझ्या लेकराला.

अव्वा तेव्हा परसात होती. तिनं ते ऐकलं. पोरीचा ताप उतरेपर्यंत ती गावातच देवळात राहिली, घराचा उंबरा चढली नाही. पोर उठून बसली असं कळलं, त्या दिवशी नेसत्या लुगड्यानिशी चालत सोलापूरच्या वाटेला लागली. त्यानंतर मैंदर्गीला गेली नाही आणि तिकडूनही कुणी आलं नाही.

इथं आल्यावर तिनं दुसऱ्यांच्या बाळंतिणी करायला सुरुवात केली. आणि प्रत्येक घरी आधी 'मला प्वॉर झालं न्हाय' हे सांगायला सुरुवात केली.

आमच्याकडचा तिचा सव्वा महिना निम्म्याच्या पुढं गेला असेल, तेव्हा एका सकाळी दारात एक बाई येऊन उभी राहिली. ठेंगणी, पायांवर धूळ, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. मी चुलीपाशी होतो. मला वाटलं, पत्ता चुकली असेल. तिनं मला काही विचारलं नाही. ती सरळ अंगणाकडे बघत होती. अंगणात अव्वा नुकतीच मुलीला पायांवर घेऊन बसली होती.

दोघींनी एकमेकींना बघितलं. अव्वाचा हात तेलाच्या वाटीत होता, तो तिथंच राहिला. मग तिनं तो बाहेर काढला आणि मुलीच्या पाठीला तेल लावायला लागली, रोजच्यासारखं.

त्या कानडीत बोलल्या. मालधक्क्यावर निम्मे व्यापारी कानडी बोलणारे, त्यामुळे मला सगळं समजत होतं. ती बाई म्हणजे अव्वाची सवत. तिनं दारातूनच सांगितलं, की पोरगी बाळंत झाली. मुलगा झाला. बाळ बरं आहे, पण पोर अंथरुणातून उठत नाही, खात नाही, एकसारखी दोड्डव्वाला आणा म्हणते. गाव पालथं घालून तिनं अव्वाचा ठावठिकाणा काढला आणि ती पहिल्या मोटारीनं आली.

अव्वा म्हणाली, "हे घर घेतलंय. सव्वा महिना झाल्याबिगर सोडत न्हाय मी. सगळ्यास्नी ठावं हाय."

सवत उंबऱ्याच्या बाहेर खाली बसली. ती रडली नाही की पाया पडली नाही. जमिनीकडे बघत म्हणाली, "बोलले ती मी बोलले, अक्का. पोर न्हाय बोलली."

"मास्तर, पाणी," अव्वा म्हणाली. मी घंगाळ आणून ठेवलं. तिनं पाण्यात हात घातला आणि काढला, पुन्हा घातला. पाणी ठीक आहे की नाही हे तिला कळत नव्हतं. रोज एका बोटानं पाणी ओळखणारी बाई त्या पाण्याकडे नुसती बघत बसली होती. पायांवर मुलगी हातपाय हलवत होती. समोरच्या सोप्यात घरमालकीणबाईही येऊन उभ्या राहिल्या होत्या.

मी काही बोलणार, एवढ्यात मागं बांगड्यांचा आवाज झाला. यमुना बाहेर आली होती. डोक्याला बांधलेलं फडकं, अंगावर शाल, भिंतीचा आधार घेत ती अंगणात आली. इतक्या दिवसांत ती उन्हात अशी पहिल्यांदाच आली होती. ती अव्वाच्या शेजारी जमिनीवर बसली, पातळ वर सारलं आणि आपले दोन्ही पाय लांब केले.

"द्या इकडं," ती म्हणाली.

अव्वा म्हणाली, "तुझे पाय गार असतील."

"असू देत. आज थोडी रडेल."

अव्वानं मुलीला उचलून तिच्या पायांवर ठेवली. मुलगी रडली, चांगलीच रडली. यमुनेनं पहिला तांब्या ओतला तो निम्मा बाहेरच गेला. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, अव्वाकडेही नाही. ओठ दाबून ती न्हाऊ घालत राहिली. एका हातानं मान धरलेली, दुसऱ्या हातानं पाठ, मग बगला, मग मानेच्या वळ्या. अव्वा हात मांडीवर ठेवून बसली होती. तिचे हात मधूनमधून आपसूक पुढं येत आणि ती ते मागं घेई. एकदाच ती म्हणाली, "कान झाक." यमुनेनं तळव्यानं कान झाकला. मी टॉवेल धरला. मुलगी टॉवेलात आली तेव्हा यमुना पुरी भिजली होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. त्यातलं न्हाण्याचं किती आणि तिचं किती, हे मी विचारलं नाही.

मुलीला छातीशी धरून ती अव्वाला म्हणाली, "आता तुम्ही जा. हे घर मी घेतलं."

अव्वा हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. गुडघ्यांवर हात टेकून ती हळूहळू उठली, लुगडं झटकलं, भाकरीचं फडकं काखोटीला मारलं. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "येते हं. आईला सांभाळून घ्या." मग घरमालकीणबाईंच्या सोप्याकडे बघून थांबली. त्यांना तिनं काय सांगावं? तर, धुरीची शेगडी विझू देऊ नकोस, मास्तर खिडकी उघडतो. घरमालकीणबाईंनी मान डोलावली. आणि खरोखर त्या दिवसापासून रोज सकाळी त्याच आमच्याकडे येऊन शेगडी करत राहिल्या.

दोघी सवती गल्लीतून निघाल्या. अव्वा पुढं, ताड ताड पावलं टाकत, आणि ती ठेंगणी बाई मागून जवळजवळ पळत. वळणापर्यंत मला दिसल्या.

पुढं अव्वाचा निरोप आला नाही. आम्हीही गडबडीत होतो. मुलीचं बारसं राहिलं होतं ते केलं. यमुना हळूहळू सावरली. ती एकदम बदलली असं नाही. कधीकधी दुपारी गप्प बसायची, पण मुलगी रडली की उठून आधी स्वतः जायची. तिखट सुरू झालं त्या दिवशी तिनं शेंगाचटणी इतकी खाल्ली की मला अव्वाची आठवण झाली आणि आम्ही दोघंही हसलो.

उन्हाळा सुरू होताना मला कामासाठी अक्कलकोटला जावं लागलं. काम सकाळीच संपलं. मैंदर्गीची मोटार उभी होती, मी चढलो. घर शोधायला त्रास पडला नाही. 'सोलापूरहून परत आलेली म्हातारी' म्हटल्यावर पहिल्याच माणसानं बोट दाखवलं.

अव्वा ओसरीवर बसली होती, मांडीवर नातू. तिनं मला ओळखलं, पण आश्चर्य दाखवलं नाही. बस म्हणाली. आधी विचारलं, "त्या कशा हायेत?" मी म्हटलं, बऱ्या आहेत, पालथ्या पडायला लागल्यात. त्यावर तिला बरं वाटलेलं दिसलं. मग यमुनेची चौकशी केली. माझी केली नाही. आतून तिची ती मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. तरतरीत, हसरी पोर होती. तिनं येता येता दोड्डव्वाच्या खांद्यावर जरा रेलून घेतलं आणि आत गेली. सोलापूरला परत कधी येणार, असं मी विचारलं. "न्हाय," अव्वा म्हणाली. "आता घरं घेत न्हाय. हितंच लई काम हाय." आणि दिवसभर तिला काय काय करावं लागतं ते तिनं मला तक्रारीच्या सुरात सांगितलं. सवतीला भाकरी थापता येत नाही, पोरीला पथ्य पाळता येत नाही, जावई बाळाला उलटा धरतो. मी ऐकत बसलो. तिला एवढं बोलताना मी सोलापुरात कधी ऐकलं नव्हतं.

निघालो तेव्हा सवत मला मोटारीच्या थांब्यापर्यंत सोडायला आली. थांब्यावर सावली नव्हती. पदर डोक्यावरून पुढं ओढून ती उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता मोडक्या मराठीत म्हणाली, "तुमी शिकलेली माणसं. तुमाला इचारते. त्या दिवसापासनं अक्कानं मला त्या बोलण्याचं कधी काडलं न्हाय. एक शब्द न्हाय. भांडते, वरडते, समदं करते. पर ते न्हाय काडत. रोज सकाळी उठते, मनात म्हणते, आज काडंल. एकदा काडलं असतं तर मी पाय धरले असते. मोकळी झाले असते."

तुम्हीच तो विषय काढा, असं म्हणावंसं वाटलं. पण दहा-बारा वर्षांचं ते ओझं, आणि मी दोन घटकांचा पाहुणा. लांब रस्त्यावर मोटारीची धूळ दिसायला लागली होती.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी अव्वा येऊन उभी राहिली. कडेवर नातू, एक हात कपाळावर आडवा धरलेला. तिनं कानडीत मोठ्यानं हाक मारली, की सकाळपासून पोटात काही नाही, उन्हात काय उभी राहिलीस, ताट वाढलंय, मी तुझ्यासाठी थांबलेय.

सवतीनं मला घाईघाईनं नमस्कार केला आणि ती वळली. जाताना तिनं डोळे पुसले की घाम, ते मला दिसलं नाही. अव्वा तिथंच, तिची वाट बघत, उन्हात उभी होती.